बिनसाखरेचा डबा

त्याला साइटवर सगळे घारदादा म्हणत. टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये तो दिवसभर उंच बसायचा आणि खाली कुणी हेल्मेट काढून डोकं खाजवलं तरी त्याला ते दिसायचं. स्लॅबवर उभं राहून वॉकीटॉकीवरून त्याला लोड कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा हे सांगणारा सिग्नलमन सारखा बडबडत असायचा, म्हणून तो पोपट. दोघांचं इतकं जमायचं की पोपटाने नुसतं ‘हं’ म्हटलं तरी ते ‘थांबा’ आहे की ‘येऊ द्या’, हे घारदादाला वर कळायचं.

कामगारांच्या तपासणीत घारदादाच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी सकाळी घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि समजावून सांगितलं, “चहातली साखर, थंड पेयं, केक, बिस्किटं बंद. बाकी जेवण पोटभर आणि वेळेवर. कधी हात थरथरले, घाम फुटला, तर लगेच काहीतरी गोड तोंडात टाका. खिशात चार टॉफ्या असू द्या.”

घारदादा मान डोलावत होता, पण त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आता आपल्याला क्रेनवर बसू देतील ना? त्या घोरात निम्मं बोलणं त्याच्या कानावरूनच गेलं. घरी येऊन त्याने बायकोला एवढंच सांगितलं, “साखर बंद.”

बायको शिवणकाम करायची. मशीनवरचा पाय तिने तिथेच थांबवला. तिच्या वडिलांची नजर साखरेनेच गेली होती. शेवटची काही वर्षं ते भिंत चाचपत घरात फिरायचे आणि दारात कोण आलंय ते आवाजावरून ओळखायचे. ती उठली आणि स्वयंपाकघरातला साखरेचा डबा शेजारणीला देऊन आली. परत आल्यावर नवऱ्याची कामाची पिशवी उलटी करून झटकली. त्यातून पडलेल्या टॉफ्याही शेजारी गेल्या. त्यापाठोपाठ ब्रेड गेला, बटाटे गेले, भात गेला.

“अगं, डॉक्टरांनी एवढं सगळं सांगितलं नव्हतं,” घारदादा म्हणाला.

“मग काय काय सांगितलं होतं?”

त्याला धड आठवेना. “बरं, राहू दे,” म्हणून त्याने विषय सोडला.

पहिले काही दिवस त्याचे फार हाल झाले. बिनसाखरेचा चहा औषधासारखा गिळायचा, आणि चार वाजले की जीभ रुसून बसायची. बायकोला ते दिसत होतं. कुठून कुठून विचारून ती ओव्हनमध्ये काही ना काही भाजायला लागली. मीठ आणि लिंबाची साल लावलेल्या भोपळ्याच्या बिया, तीळ लावून कुरकुरीत केलेले चीजचे तुकडे, खोबरं, बदाम आणि दालचिनीची बिस्किटं. पहिली खेप जळाली, दुसरी दगडासारखी झाली. तिसऱ्या खेपेचं बिस्किट तोंडात टाकून घारदादा डोळे मिटून बसला.

“काय झालं? कडू लागलं?” तिने घाबरून विचारलं.

“नाही गं. अजून आहेत का?”

तेव्हापासून चारचा डबा हा त्याच्या दिवसातला सोहळाच झाला. खोबऱ्याला मुळातच किती गोडी असते, हे त्याला इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. पोपट त्या डब्यावर डोळा ठेवून असायचा. “दादा, एकटेच वर बसून चरताय!” असं वॉकीटॉकीवरून ओरडायचा. सुट्टी होताना घारदादा त्याच्यासाठी दोन बिस्किटं राखून खाली न्यायचा. पोट उतरलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. जो तो म्हणायचा, “घारदादा, तरुण दिसायला लागलात!”

पण याच सुमारास दुपार जवळ आली की त्याचे हात थरथरू लागले. कपाळाला दरदरून घाम यायचा, छाती धडधडायची, उगाचच पोपटाचा राग यायचा. त्याने मनाशी ठरवूनच टाकलं की साखर वाढतेय. सासऱ्यांचं असंच झालं असेल. डॉक्टरांकडे गेलो तर कागदावर येणार, कागदावर आलं की क्रेन सुटणार. बायकोला सांगितलं तर ती रडून अर्धी होईल. म्हणून तो कुणालाच काही बोलला नाही. उलट घाबरून सकाळची एकुलती एक पोळीही पानात तशीच सोडायला लागला. गोळी मात्र न चुकता घ्यायचा.

त्या दिवशी हवामान खात्याने दुपारनंतर वाऱ्याचा इशारा दिला होता. वारा सुटायच्या आत सळयांचे सगळे भारे स्लॅबवर चढवायचे म्हणून इंजिनिअरसाहेबांनी जेवणाची सुट्टी पुढे ढकलली. घारदादाच्या हातांची थरथर सुरू झाली होती. त्याने डबा उघडून मूठभर बदाम खाल्ले, चीजचे तुकडे खाल्ले. काही फरक पडेना.

मोठा भारा उचलून त्याने क्रेन फिरवली. भारा स्लॅबच्या दिशेने सरकत होता. खाली सळया बांधणारे बसले होते. आणि अचानक त्याला एकाऐवजी दोन हुक दिसायला लागले.

“दादा, थोडं डावीकडे,” पोपट म्हणाला.

उत्तर आलं नाही.

“दादा? डावीकडे म्हणतोय.”

“कळतंय रे! किती कटकट करशील!”

पोपट दचकला. इतक्या वर्षांत दादा त्याच्यावर एकदाही खेकसला नव्हता. आणि आवाज जड होता, जीभ अडखळत होती. त्याने वर पाहिलं. काचेआड काहीच नीट दिसेना. भारा हवेत हळूहळू हेलकावे खात होता. त्याने हात फिरवून, ओरडून आधी स्लॅब रिकामा केला. माणसं भराभरा जिन्याकडे पळाली. मग त्याने आवाज मुद्दाम शांत केला.

“दादा, भारा तसाच राहू द्या. लिव्हर सोडा. काही घाई नाही. ऐकू येतंय का?”

“येतंय.”

“आता फक्त उजवीकडे. मोकळ्या मैदानावर. मी बोलतोय तोवर चालू द्या, मी थांबलो की थांबा.”

घारदादाला कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरलेला जाणवत होता, पण पुसायला हात उचलायची त्याची छाती होईना. तो पोपटाच्या आवाजाला धरून राहिला. “येऊ द्या, येऊ द्या, हळू... बास. आता खाली. हळू. अजून. अजून थोडं.” भारा जमिनीला टेकल्याचा आवाज त्याला वरपर्यंत आला. त्याने ब्रेक लावला आणि तो जागच्या जागी कोसळला.

पोपटाची आई साखरेचीच पेशंट होती, त्यामुळे त्याने ओळखलं. कॅन्टीनमधली गोड सरबताची बाटली खिशात कोंबून तो शिडी चढला. त्याने केबिनचं दार उघडलं तेव्हा घारदादाचा शर्ट घामाने चिंब होता.

“हे प्या.”

“साखर आहे यात. मला नको.”

“गुमान प्या! तुमची साखर वाढलेली नाही, पार तळाला गेलीय!”

बाटली धरायला दोघांचे चार हात लागले. थोड्या वेळाने समोरचा हुक एकच दिसायला लागला, आणि तेव्हा कुठे घारदादाला खरी भीती वाटली. सळया बांधणारे खाली जिन्याशी घोळका करून वर बघत उभे होते. एकेकाचा चेहरा त्याला दिसत होता.

बायको दवाखान्यात धावत आली तेव्हा तिच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“ही गोळी साखर खाली ओढते. तुम्ही जेवणही काढून घेतलंत, मग उरलं काय? बदाम, चीज रोज खुशाल खा, पण हात थरथरताना त्यांचा उपयोग नाही. तेव्हा गोडच लागतं. हे मी सांगितलं होतं.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. “मला का नाही सांगितलंत?”

“ऐकलंच नव्हतं मी.”

“आणि हात थरथरतात, हे?”

उत्तराची वाट न बघता ती बाहेर जाऊन बाकावर बसली. तो शेजारी जाऊन बसला तेव्हा तिला हुंदका फुटला. “मीच तुमच्या टॉफ्या देऊन टाकल्या. बाबांसारखं होऊ नये म्हणून मी... आणि खाली ती माणसं होती हो.”

“कुणाला काही झालं नाही.”

“झालं असतं तर?”

घारदादाने तिच्या गळ्यातली टेप काढून हळूच गुंडाळली.

डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली, पोळी आणि थोडा भात परत सुरू केला. सेफ्टी ऑफिसरने त्याला बरेच दिवस खालीच ठेवलं. तो भारे बांधायच्या स्लिंग मोजायचा, हुक तपासायचा आणि वर बसलेल्या दुसऱ्या माणसाकडे मान दुखेस्तोवर बघत राहायचा. शेवटी वर जायची परवानगी मिळाली, ती सोबत रक्त तपासायचं छोटं यंत्र ठेवायच्या अटीवर.

पहिल्याच सकाळी लिव्हरला हात लावला आणि बोटं थरथरायला लागली. हात मागे घेऊन त्याने बोटाला सुई टोचली आणि यंत्राचा आकडा उमटेपर्यंत श्वास रोखून बसला. आकडा ठीक होता. म्हणजे ही नुसती भीती होती. हिच्यावर कसलीच गोळी नव्हती.

“पोपट,” तो वॉकीटॉकीवर म्हणाला, “मला थोडा वेळ लागेल.”

“लागू द्या की,” खालून आवाज आला. “मी इथेच आहे.”