एकास पन्नास नको, शंभर द्या

आमच्या सोसायटीचे चेअरमन अनिरुद्ध पाटकर हुशार आहेत. हे त्यांनीच आम्हाला सांगितलंय, तेव्हा शंका घ्यायचं कारण नाही. भांडुपची आमची चार मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग पाडून तिथे टॉवर होणार होता. बिल्डरने नव्या घराचा प्लॅन पाठवला, तो अनिरुद्धभाऊंनी गेटजवळच्या फळ्यावर लावला आणि कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, "एकास पन्नास. म्हणजे कागदावरचे दोन सेंटीमीटर म्हणजे खरा एक मीटर. पाठ करून ठेवा सगळ्यांनी."

सगळ्यांनी पाठ केलं. पुढचा घोळ त्या पाठ करण्यानेच झाला.

मला हॉलशी किंवा बाल्कनीशी काही देणंघेणं नव्हतं. मला बघायचं होतं बाथरूमचं दार. आमचे हे, दत्ताराम, जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी मणक्याच्या दुखण्याने पाय गेले, हात अजून लोखंडासारखे आहेत. तळमजल्यावरच्या आमच्या घरात बाथरूमचं दार इतकं चिंचोळं की व्हीलचेअर बाहेरच राहते. मग मी काखेत हात घालून त्यांना उचलते, आत नेते, बसवते, तिथेच उभी राहते. ते भिंतीकडे बघत बसतात. चेष्टामस्करी करणारा माणूस, पण त्या वेळात एक अक्षर बोलत नाहीत. मला ते बघवत नाही.

"खुर्ची आत गेली ना, तर माझा मी करीन," असं ते म्हणतात. म्हणून मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगून टाकलं होतं, दारातून खुर्ची गेली तर माझी सही, नाहीतर बिल्डिंग पडेस्तोवर मी इथेच बसणार.

फळ्यावरच्या प्लॅनवर मी स्वतः पट्टी लावली. दार ऐसपैस होतं. घरी येऊन सांगितलं तर ह्यांनी त्या दिवशी माशाच्या कढीवर दोनदा भात घेतला.

आणि मग अनिरुद्धभाऊंची मेहुणी आली मुलुंडहून. तिचीही बिल्डिंग पाडायची होती. तिच्या प्लॅनवर काय लिहिलेलं? एकास शंभर!

भाऊंचं डोकंच फिरलं. तातडीची मीटिंग. "मुलुंडवाल्यांना शंभर आणि आपल्याला पन्नास? भांडुपची माणसं काय रस्त्यावर पडलीत? निम्म्यावर बोळवण करतो तो आपली!"

तिसऱ्या मजल्यावरच्या जानकीकाकी म्हणाल्या, "मग दोनशेच मागा ना. मागायला काय जातंय?"

"एकदम हावरटपणा नको," भाऊ म्हणाले. "आधी शंभर मिळवू."

ठराव झाला: सोसायटीला प्लॅन एकास पन्नासऐवजी एकास शंभर करून मिळावा. एकमताने. माझाही हात वर होता. शंभर कोणाला नको असतात हो?

बिल्डरचा इंजिनियर देवेश, पोरगा सज्जन. त्याने काही न विचारता आठवड्याभरात नवा प्लॅन पाठवून दिला. भाऊ फळ्यासमोर छाती काढून उभे राहिले, पट्टी लावली, आणि त्यांचा चेहरा उतरला. आकडे इतके बारीक छापलेले की झेरॉक्समध्ये नुसते काळे ठिपके दिसत होते. पण पट्टी होती आणि पाठांतर होतं. दोन सेंटीमीटर म्हणजे एक मीटर. हॉल निम्मा. किचन निम्मं. सगळंच निम्मं.

"निम्मं कसलं?" दुसऱ्या मजल्यावरची विनी रोझारिओ म्हणाली. विनी माझी मैत्रीण, गावठाणातली, तोंडाने फटकळ. "लांबी अर्धी, रुंदी अर्धी, म्हणजे घर पाव झालं रे बाबा! चौथा हिस्सा!"

"अर्ध्याचं पाव करून लोकांना घाबरवू नकोस," भाऊ तिच्यावर खेकसले. "अर्धं म्हणजे अर्धं."

एकाही माणसाच्या मनात आलं नाही की आपलंच काहीतरी चुकत असेल. बिल्डर म्हटलं की वाईटावर आधी विश्वास बसतो. आपण शंभर मागितले म्हणून त्याने सूड उगवला, हे सगळ्यांना पटलं.

रविवारी सकाळी पुरावा उभा करायचं ठरलं. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की आणली आणि गच्चीवर खऱ्या मापात घर आखलं. भाऊ पट्टीने मोजून ओरडायचे, विनी आणि मी टेप धरायचो. घर आखून झालं आणि आम्ही बघतच राहिलो. बेडरूममध्ये विनी आडवी झाली तर पाय हॉलमध्ये. किचनमध्ये जानकीकाकींना वळता येईना. बाथरूमचं दार भरलं सव्वा फूट. भाऊ स्वतः पोट आत घेऊन तिरके शिरले आणि आत अडकून म्हणाले, "आजकाल असंच मॉडर्न डिझाइन असतं."

सगळे हसले. मला हसू येईना. मी खाली जाऊन रिकामी व्हीलचेअर घडी करून वर आणली, तिच्यात बसले आणि त्या दारावर गेले. दोन्ही चाकं फक्की तुडवत गेली. परत मागे घेतली, परत गेले. काय होणार होतं? भिंती माझ्या चाकांना लागल्या होत्या आणि माझे डोळे भरून आले. घरी जाऊन ह्यांना काय सांगू?

"बोलवा त्या देवेशला," मी म्हटलं. "आत्ता बोलवा. बघतेच मी त्याच्याकडे."

देवेश धापा टाकत चार मजले चढून आला. मी त्याला असं झाडलं, असं झाडलं की भाऊसुद्धा म्हणाले, "सुलक्षणाताई, जरा दमानं." पोरगा गच्चीवरचं ते बाहुलीचं घर बघून थिजला.

"हे कोणी आखलं?"

"तुझ्याच प्लॅनवरून!" भाऊ गरजले. "एक मीटरला दोन सेंटीमीटर!"

देवेशने कपाळावर हात मारला. "अहो साहेब, ते पन्नासला. शंभरला एकच सेंटीमीटर! घर कागदाच्या शंभर पट धरायचं. कागदावरचं चित्र लहान झालं, घर तेच आहे. तुम्हीच मागितलंत ना? मला वाटलं, फायलीत लावायला सोपं पडत असेल."

जानकीकाकी हळूच म्हणाल्या, "म्हणजे दोनशे मागितले असते तर चित्र आणखीन लहान?"

"हो काकी."

"बरं झालं हावरटपणा केला नाही," विनी भाऊंकडे बघून म्हणाली.

भाऊंनी हार मानली नाही. "मग एकास पंचवीस का देत नाही तू आम्हाला?"

"देतो साहेब. कागद मोठा होईल. घर तेच राहील."

भाऊंच्या चेहऱ्यावर अजून संशय होताच.

गच्ची झाडली. देवेशने स्वतः टेप धरून पुन्हा घर आखलं. बाथरूमचं दार आलं अडीच फूट, चौकट सोडून. देवेश म्हणाला, "ताई, आता बसून बघा." मी खुर्चीला हात घातला, तेवढ्यात खालून ह्यांची हाक आली, थेट मालवणीत. गच्चीवरची आरडाओरड सगळी ऐकली होती त्यांनी.

मी जिन्यातून वाकले. "काय हो?"

"माका वर घेवन चला. माझा मी बघतलंय."

मी चाटच पडले. तीन वर्षांत कोणी उचलायचं म्हटलं की अंगावर येणारा माणूस. लग्नाला नाही, बारशाला नाही, कोणी उचलायला लागेल म्हणून बाहेर पडणं सोडलेलं. आता स्वतःहून म्हणत होते, उचला.

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. खुर्चीचा एक पाय अनिरुद्धभाऊंनी धरला होता, दर मजल्यावर थांबून श्वास घेत होते, पण सोडला नाही. वर व्हीलचेअरमध्ये बसल्यावर ह्यांनी कोणाकडे बघितलं नाही. सरळ बाथरूमच्या दाराशी गेले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. चाकं धरली आणि आत गेले. एक कण फक्की हलली नाही.

विनीने शिट्टी मारली. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी नेहमीसारखी मागोमाग आत शिरायला निघाले.

"तू खंय येतंस?" हे म्हणाले. "भायर थांब. दार लाव."

मी आधी हसले. गच्चीवर कसलं आलंय दार? मग त्यांचं तोंड बघितलं. ते मस्करी करत नव्हते.

मी वाकले, मुठीत फक्की घेतली आणि त्या अडीच फुटांत एक रेघ ओढली. टाळ्या थांबल्या. भाऊंनी पाठ फिरवली, मग एकेक करून सगळ्यांनीच पाठ फिरवली. मी रेघेबाहेर उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळेना.

आतून आवाज आला, "आता थयसर उभी रवा नको. जा तू. लागला तर हाक मारतलंय."

मी पाण्याच्या टाकीपाशी विनीशेजारी जाऊन उभी राहिले.

"चहा टाकू गं?" तिने विचारलं.

मी मान हलवली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.