सातवा नंबर

“दाजी, कुत्रं मागं लागलंय का पोलीस?”

पाराच्या कट्ट्यावरून बंडप्पा ओरडला आणि त्याच्याभोवतीची चार-पाच टाळकी खो खो हसली. शांतलिंगनं मान वळवली नाही. गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर, घामानं पाठीला चिकटलेली बंडी, पोटऱ्यांवर धुळीचा थर, अशा अवतारात तो वेशीतून आत आला आणि तामलवाडीच्या भर वस्तीतून धापा टाकीत घराकडं गेला. चैत्र संपत आला होता. तुळजापूरच्या रस्त्यानं चार मैल जायचं आणि ऊन तापायच्या आत चार मैल परत यायचं, असा त्याचा सहा महिन्यांचा नेम होता. बंडप्पाच्या ओरडण्याचाही तेवढाच जुना नेम होता.

बंडप्पा त्याचा सख्खा मेहुणा. महादेवीचा धाकटा भाऊ. अंगानं आडवा, आवाजानं मोठा, आणि दिवसभर पारावर बसून निजामाला शिव्या देणारा. घरी महादेवीची तऱ्हा वेगळी नव्हती. तिनं दारातच तांब्या आदळला.

“बाया इचारत्यात मला, नवरा गिरणीचा पट्टा झालाय का म्हनून. नुसतं गरागरा फिरतंय, जात कुठंच न्हाय.”

“हकिमानं सांगितलंय, मोकळ्या हवेत जा म्हनून.”

“हवेत जा म्हनला का उघड्या मांड्यांनी पळा म्हनला?”

शांतलिंगनं तांब्या उचलून तोंडावर पाणी मारलं. तो कशावरच फारसं बोलत नसे. थोरला भाऊ महालिंगप्पा याची पिठाची गिरणी होती आणि वयाच्या सोळाव्या वर्षापासून शांतलिंग ती चालवत होता. महालिंगप्पा ओट्यावर बसून माणसांशी बोलायचा. शांतलिंग आत इंजिनाशी. पंधरा वर्षं पीठ छातीत जाऊन जाऊन त्याला खोकला जडला. हकिमानं फिरायला सांगितलं म्हणून तो एका पहाटे रस्त्याला लागला, सहज थोडा पळाला, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला थांबावंसं वाटत नाही. वेगानं पळणारे गावात पुष्कळ होते. पण न थांबता पळत राहणं हे आपल्याला येतं, हे कळलं तेव्हा त्याला आतल्या आत इतकं नवल वाटलं, की आठवडाभर त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

मग गेल्या संक्रांतीला सोलापुरातल्या एका तालमीनं अठरा मैलांची शर्यत ठेवली. शांतलिंग गेला आणि पंधराव्या मैलाच्या दगडाशी कोसळला. कुणीतरी त्याला भाजीच्या बैलगाडीत घातलं. दुर्दैव असं, की बंडप्पा त्या दिवशी गड्ड्याच्या यात्रेला तिथंच आलेला होता.

“आमचे दाजी पयले आले की!” गावात येऊन त्यानं सांगितलं. “वांग्याच्या गाडीत बसून!”

तेव्हापासून गावातली पोरंठोरंसुद्धा त्याला वांगी म्हणू लागली. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका पदराआड हसत. महालिंगप्पानं एकदा समोर बसवून सुनावलं, “आपल्या घराण्यात आजवर कुनी पळालं न्हाय, शांता. आपन बसून खानारी मानसं.”

पण शांतलिंगच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. अठरा मैल. पहिला नंबर नको, दुसरा नको. उरलेले तीन मैल पायाखालून गेले पाहिजेत.

वैशाखात रस्त्यावरचा फुफाटा पहाटेसुद्धा कोमट असायचा. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं, टाचांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. ज्येष्ठ लागेपर्यंत तो बारा मैल पळू लागला. मग पाऊस आला आणि काळ्या मातीनं त्याचे पाय धरले. दर पावलाला शेर-शेर चिखल उचलायचा. दहा पावलं गेलं की थांबून काटकीनं तळवे खरवडायचे. बारा मैलांचे सहा झाले. श्रावणात हिवताप आला. ज्या दिवशी निजामाच्या सरहद्दीपलीकडं तिरंगे लागले आणि सोलापुरात मिठाई वाटली, त्या दिवशी शांतलिंग दोन गोधड्यांखाली कुडकुडत होता. महिन्यानं उठला तेव्हा वेशीपर्यंत जाऊन त्याला भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

“बरं झालं,” महादेवी म्हणाली. “देवानंच खोड मोडली.”

दुसऱ्या दिवशी तो वेशीच्या पुढं शंभर पावलं पळाला. तिसऱ्या दिवशी दोनशे.

दसऱ्यापर्यंत तो पुन्हा आठ मैलांवर आला, तोवर भोवतालचं सगळंच बदललं होतं. पलीकडं हिंदुस्थान, अलीकडं निजामाचं राज्य, आणि मधल्या पट्ट्यात कोण कुणाला कधी मारील याचा नेम नव्हता. रझाकारांच्या टोळ्या गावांतून फिरत होत्या. त्यांच्याशी लढणाऱ्यांनी सरहद्दीपलीकडं कॅम्प टाकले होते. बंडप्पा आता पारावर दिसत नसे. कधी चार-चार दिवस गायब असे आणि आला की खाली मान घालून जेवत असे.

एका सकाळी दोन शिपायांनी शांतलिंगला रस्त्यात अडवलं आणि चौकीत नेलं. चौकीचे मुख्य अमीनसाहेब खुर्चीवर बसून दाढी करून घेत होते.

“कायकू भागता रे, चक्कीवाले? किसके वास्ते?”

“शर्यत हाय, साहेब. संक्रांतीला.”

“इनाम क्या मिलता?”

“पितळंचा पेला, साहेब.”

अमीन इतका हसला की न्हाव्यानं वस्तरा बाजूला घेतला. मग एकाएकी हसणं थांबवून त्यानं शांतलिंगच्या पायांकडं पाहिलं.

“भाग. रोज भाग. हमारे आदमी देखते रहेंगे. लेकिन एक चिठ्ठी मिली तेरे पास, तो ये दोनो टांगा तोडके तेरी चक्की में पीस दूंगा. समझा?”

शांतलिंगला समजलं. तो रोज पळत राहिला. ओढ्याच्या नाक्यावरचे शिपाई त्याला पाहून पाहून सरावले. कधी कधी एखादा शीळ घालायचा. मार्गशीर्षात थंडी पडली, हवा हलकी झाली आणि पाय त्याला कधी नव्हे इतकी साथ देऊ लागले. पौषात एकदा तो तुळजापूरचा घाट दिसेपर्यंत जाऊन आला. अठरा मैल सहज भरले असतील. घरी येऊन तो उंबऱ्यावर बसला तेव्हा त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आत महादेवी भाकरी थापत होती. तो पाय धुवायला उठला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी बंडप्पा गिरणीत आला. इंजिन चालू होतं. तो शांतलिंगच्या अगदी कानाशी येऊन उभा राहिला.

“दाजी, एक काम हाय. सांज व्हायच्या आत पलीकडं कॅम्पात सांगावा न्यायचाय.”

“मला नगं सांगू.”

“ऐका तर. आज सांजच्याला आपली चार मानसं ओढ्यानं येनार हायेत. रझाकारांना वास लागलाय. ते ओढ्यात दबा धरून बसनार. रस्त्यावर पहारा हाय, परवान्याबिगर गाडी जात न्हाय. शेतातल्या वाटंनं पाच मैल. तुमी रोज पळताव, शिपाई तुमाला बघून सरावलेत. तुमाला कुनी अडवनार न्हाय. लिवलेलं कायबी न्हाय जवळ, नुसतं तोंडानं सांगायचं.”

शांतलिंगनं दळणाच्या तोंडाखालची पिशवी बदलली. मग म्हणाला, “उद्या शर्यत हाय.”

बंडप्पाला वाटलं, इंजिनाच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं. “काय?”

“उद्या शर्यत हाय, बंडप्पा. जाऊन-येऊन धा मैल. आज धा पळलो तर उद्या पाय उठायचे न्हायत.”

बंडप्पा त्याच्याकडं पाहत राहिला. वर्षभर ज्या माणसाची टिंगल केली त्याच्यापुढं तो आज हात जोडायच्या बेतानं आला होता.

“चार मानसं हायेत, दाजी.”

“माझं वरीस गेलंय ह्यात.”

“थू तुमच्या शर्यतीवर,” बंडप्पा म्हणाला, आणि गेला.

सरहद्द ओलांडायचा परवाना आधीच काढलेला होता. तासाभरानं सरकीच्या मोटारीत बसून शांतलिंग सोलापूरला निघाला. त्यानं स्वतःची समजूत घातली, बंडप्पा दुसऱ्या कुणाला तरी धाडील. गावात पुष्कळ तरणी माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साठ जण सुटले. पहिल्या पाच मैलांत शांतलिंग चाळिसावा होता. दहाव्या मैलावर पुढचे एकेक करून चालू लागले आणि हा आपला एका लयीत त्यांना मागं टाकत गेला. पंधराव्या मैलाचा दगड आला. त्यानं तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिला आणि ओलांडला. सोळा. सतरा. छाती स्वच्छ होती, पाय दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे पुढं पडत होते, आणि दोन्ही बाजूंची अनोळखी माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. तो सातवा आला. पेला पहिल्या तिघांना होता. पण तालमीच्या म्हाताऱ्या वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “कुठलं गाव पैलवान?” तेव्हा शांतलिंगला रडू आवरलं नाही. एकतीस वर्षांत त्याला असं कुणी काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तो गावात उतरला तेव्हा पार रिकामा होता. गिरणी बंद होती. घरासमोर माणसं बसलेली दिसली, आणि त्याला क्षणभर, अगदी क्षणभर, वाटलं की बातमी आपल्या आधी पोचली.

बंडप्पाला दुपारी माती दिली होती. त्यानं दुसऱ्या कुणाला धाडलं नव्हतं. स्वतःच गेला होता. अंगानं जड, पळायची सवय नाही. तीन मैलांवर, ओढ्याच्या अलीकडं बाभळीखाली तो दम खायला उभा राहिला, तिथंच रझाकारांनी त्याला गोळी घातली. बार ऐकून ती चार माणसं मागच्या मागं फिरली आणि वाचली.

शांतलिंग दारात उभा राहिला. आत बायकांच्या घोळक्यात महादेवी बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. तिनं वर पाहिलं. बंडप्पानं जाताना बहिणीला सगळं सांगितलं होतं.

“कितवा नंबर आला?” तिनं विचारलं.

“महादेवी…”

“कितवा आला म्हनते म्या.”

“सातवा.”

तिनं शेजारच्या बाईकडं मान वळवली. “सातवा आला,” ती म्हणाली. जणू त्या बाईला ते ऐकू गेलं नसावं.

त्यानंतर गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. बायका घरच्या जात्यावर दळू लागल्या, कुणी दोन कोस डोक्यावर ओझं घेऊन दुसऱ्या गिरणीवर गेल्या, पण त्याच्या हातचं पीठ नको. महालिंगप्पानं इंजिनावर दुसरा माणूस ठेवला तेव्हा कुठं दळणं परत आली. शांतलिंग मागच्या खोलीत पोती शिवत बसे. महादेवी त्याला जेवायला वाढी, पाणी ठेवी, आणि एक शब्द बोलत नसे. तो पळायचा थांबला, ते त्याला कुणी सांगितलं म्हणून नव्हे. पहाटे जाग यायची, तो उठून बसायचा, आणि पाय जमिनीला टेकवायची लाज वाटायची. खोकला परत आला.

भादव्यात हिंदी फौजा आल्या. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. अमीन कुठं गेला कुणाला कळलं नाही. पारावर सभा झाली, बंडप्पाच्या नावाचा जयजयकार झाला, महादेवीला खुर्चीवर बसवून हार घातला. शांतलिंग गर्दीच्या मागं, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. हाराची फुलं तिनं घरी येऊन गुरांपुढं टाकली.

कार्तिकातली एक पहाट होती. शांतलिंग नेहमीसारखा अंथरुणात उठून बसला होता, खोकत होता. महादेवी चूल पेटवत होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. दहा महिन्यांत पहिल्यांदा ती बोलली.

“उठा. जावा पळायला.”

त्याला पुन्हा खोकल्याची उबळ आली.

“हितं बसून खोकत मरताव का? त्ये बघायला न्हाय म्या. माझा भाऊ गेला ज्याच्यापायी, त्ये तरी नीट करा. जावा.”

तिच्या आवाजात माया नव्हती. त्यानं ती शोधलीही नाही. तो उठला, धोतर खोचलं आणि बाहेर पडला. वेशीतून तुळजापूरच्या रस्त्याला वळायचं, तो वळला नाही. शेतातून ओढ्याकडं जाणारी पायवाट धरली.

पाय जड झाले होते. पहिल्या मैलात छाती भरून आली, दुसऱ्यात कुशीत चमक भरली. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती. बाभळ आली. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि थांबला नाही. ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. ते ओलांडून चढ चढला, तेव्हा श्वास सापडला, आणि नको असताना ती जुनी लय पायांत आली. कॅम्प होता तो मळा दिसला. तंबू केव्हाच गेले होते. खुंटे उपटलेल्या जागी कुणीतरी हरभरा पेरला होता. सूर्य अजून हातभरसुद्धा वर आला नव्हता.

विहिरीवर एक म्हातारी घागर भरत होती. तिनं त्याला पाहिलं. घामानं निथळणारा, दहा महिने घरात बसून पांढरा पडलेला माणूस.

“कुनाकडं आलाव बाबा?”

“कुनाकडं न्हाय, आजी. किती लांब हाय त्ये बघाया आलतो.”

“कुठनं?”

“तामलवाडीवरनं.”

म्हातारीनं घागर वाकवली. शांतलिंगनं ओंजळ धरली. पाणी गार होतं. तो पुरतं प्याला, तोंड पुसलं.

“मंग?” म्हातारीनं विचारलं. “किती हाय?”

त्यानं मागं वळून ओढ्याकडं पाहिलं.

“लांब न्हाय,” तो म्हणाला.

मग तो परतीच्या वाटेला लागला. चालत.