शेजारच्या खणातला आवाज

एका मालवाहू बोटीने भलत्याच ठिकाणी नांगर टाकला आणि बेटाकडे येणारी समुद्राखालची केबल चिरडली. तिच्यात तारांच्या वीस जोड्या होत्या. एकोणीस जागच्या जागी गेल्या, एक तेवढी जिवंत राहिली.

बेटावरचं टेलिफोन केंद्र एकच बाई सांभाळायची. तिला सगळे तारवाली म्हणत. बांधा किरकोळ, पण एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की ती तडीस नेल्याशिवाय स्वस्थ बसायची नाही. किनाऱ्यावरच्या मुख्य कचेरीतून साहेबांचा फोन आला, तोही त्याच एका जोडीवरून.

"नवी केबल टाकायला वर्ष लागेल. तोवर पाळ्या लावा. सकाळी दवाखाना, दुपारी बंदर, संध्याकाळी शाळा."

"आणि कुणाच्या छातीत दुपारीच कळ आली तर?"

"मग मी काय करू? तार एक, बोलणारे आठ."

"आठही बोलतील, साहेब. एका तारेवर आठ बोलणी चालवणाऱ्या मल्टिप्लेक्सच्या दोन जुन्या पेट्या भांडारात पडल्यात. एक तिकडे बसवा, एक मला पाठवा."

"त्या भंगारात काढल्यात!"

"मग मला दिल्या तर कुणाचं काय बिघडतंय?"

तारवालीचा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्यानेच ती पेटी धक्क्यावरून हातगाडीवर घालून आणली. लोखंडी कपाटाएवढी पेटी, तिच्यात एकाखाली एक आठ खण. आठवडाभर तारवाली तिच्यात डोकं घालून बसली होती. सासूबाई डबा घेऊन केंद्रात आल्या आणि पेटीकडे संशयाने बघू लागल्या.

"एका तारेत आठ जण एकदम बोलणार? आपण तिघं जेवायला बसलो तरी कुणाचं कुणाला ऐकू येत नाही."

"आपण तिघं एकाच पट्टीत ओरडतो ना, आई. ही पेटी प्रत्येकाचा आवाज वेगळ्या पट्टीवर चढवते. कानाला कळणारही नाही इतक्या वर. एकाची पट्टी संपली की त्याच्यावर दुसऱ्याची. तारेतून सगळे एकदम जातात. पलीकडच्या पेटीतला प्रत्येक खण आपल्या पट्टीतलं तेवढंच गाळून घेतो आणि पुन्हा साध्या आवाजात खाली उतरवतो. इकडे येतानाही तसंच."

"आणि माझ्या लेकीचा फोन?"

"आठवा खण आपल्या घरचा."

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा पेटीवरचा राग जरा निवळला.

पेटी चालली. दवाखाना चौथ्या खणावर, बंदर पाचव्यावर, शाळा, बर्फाचा कारखाना, पोस्ट, सगळे आपापल्या खणावर. तीन आठवडे बेट एका जोडीवर पोटभर बोललं. फक्त बंदराच्या कारकुनाची कुरकुर चालू होती. दुपारी म्हणे किनाऱ्यावरचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. "बंदरावर कमी का गलका असतो?" असं म्हणून तारवालीने ते कानाआड केलं.

आणि एका संध्याकाळी गणिताच्या बाई केंद्रात आल्या. बेटावरच्या शाळेत त्या सोळा वर्षं शिकवत होत्या. त्या बसल्या नाहीत.

"दुपारी दवाखान्यातून मी मोठ्या इस्पितळाशी बोलले. माझ्या छातीत गाठ आहे, ती काढायची आहे. मी घरी पोचायच्या आत ते मासळीबाजाराला कळलं होतं. शाळेत माझ्या जागी कुणाला मागवायचं, याचा अर्जही गेला. हे कसं झालं, सांगाल?"

कसं झालं ते तासाभरात उघड झालं. कारकुनाने फोन उचलला, तेव्हा त्याला आपल्या माणसाऐवजी इस्पितळातले डॉक्टर ऐकू आले. गाठ, ऑपरेशन, वर्गातून दोन महिने रजा. बाई कोण हे ओळखायला त्याला हुशारी लागली नाही. त्याने बायकोला सांगितलं. पुढचं काम बायकोने केलं.

पेटी जुनी आहे, असं तारवालीला म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "कारकून तीन आठवडे तक्रार करत होता. मी ऐकलं नाही."

गणिताच्या बाई तशाच वळून निघून गेल्या.

साहेबांना कळायला उशीर लागला नाही. "पेटी बंद करा. पाळ्या लावा."

"तीन दिवस द्या, साहेब. पाचवा खण मी बंद केलाय. दोष सापडला नाही तर पेटी मी स्वतः बोटीत घालून आणते."

पहिल्या दिवशी तिने तासातासाला पाचव्या खणाची पट्टी मापली. खण मुळीच हलला नाही. दिवसभर आभाळ भरून होतं, याचा तिने विचारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. दोन वाजता मीटरचा काटा सरकायला लागला. अडीचला पाचवा खण आपली पट्टी सोडून चौथ्याच्या हद्दीत पाय ठेवत होता. त्याचा स्वतःचा आवाज बारीक होत होता आणि शेजाऱ्याचा आत शिरत होता. तिने पेटीच्या कुशीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट पेटीवर येत होतं.

नवऱ्याला हाताशी घेऊन तिने पेटी सावलीच्या भिंतीला हलवली.

"झालं की," नवरा म्हणाला.

"नाही झालं. उन्हाळ्यात इथली सावलीही तापते."

तिने पाचवा खण उघडून एकेक भाग तपासला. तळाशी एक कपॅसिटर, खणाची पट्टी जागेवर धरून ठेवणारा भाग, फुगून टम्म झाला होता. तसा दुसरा, काढून घेता येईल असा, बेटावर एकाच ठिकाणी होता, घरच्या आठव्या खणात. तिने तो काढून पाचव्यात डाख देऊन बसवला. मग घरून इस्त्री आणली, तापवली आणि खणाच्या पत्र्याला लागेल न लागेल अशी धरून काट्याकडे बघत राहिली. काटा जागचा हलला नाही.

"म्हणजे मी लेकीशी बोलायचं नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"पोस्टातून बोला, आई."

"पोस्टात रांग असते!"

"मग रांगेत बोला. तिथे तुम्हाला ऐकणारेही जास्त मिळतील."

सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

मुदतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या बाई तपासणीसाठी किनाऱ्यावर निघाल्या होत्या. तारवालीने त्यांना धक्क्यावर गाठलं.

"माझं एक काम कराल? दुपारी तीनला इस्पितळातून आपल्या दवाखान्यात फोन करा. आजारपणाचं काही बोलू नका, दुसरं काहीही बोला. मी बंदराच्या फोनवर कान लावून बसते."

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "कारकुनालाही कान लावायला सांगा," त्या म्हणाल्या.

तीन वाजता बंदराच्या तापलेल्या खोलीत कारकून रिसीव्हर कानाला लावून मान खाली घालून बसला होता. तारवालीने त्याच तारेवर आपला जादा हेडफोन जोडला होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिने कारकुनाकडे वळून विचारलं,

"तुम्हाला काही ऐकू आलं?"

"शपथेवर सांगतो, काही नाही."

तेवढ्यात दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई धापा टाकत आत आल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"दहा मिनिटं बोलत होत्या! याच्यावरच!" त्यांनी कारकुनाकडे बोट दाखवलं. "चोंबडा काय, कानफाट्या काय, सातवीत सोप्या भागाकाराला रडायचा ते काय..."

कारकुनाचा चेहरा पडला. तारवालीच्या तोंडावर मात्र चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. ती तशीच केंद्रात गेली आणि साहेबांना फोन लावला. "पाचवा खण सुरू केलाय, साहेब. पाळ्या लावणार नाही."

"लेखी कळवा," एवढंच साहेब म्हणाले.

ऑपरेशन झालं. सव्वादोन महिन्यांनी गणिताच्या बाई बोटीतून उतरल्या. वाळल्या होत्या, डावा हात अंगाशी धरून चालत होत्या. पिशवी घेऊन घरी जायच्या आधी त्या केंद्रात आल्या, आणि या वेळी खुर्ची ओढून बसल्या.

"शाळेचा फोन चालू आहे?"

"चालू आहे."

"मग शिक्षण खात्याला लावून द्या. सोमवारपासून मी वर्गावर जाणार. माझ्या जागी पाठवलेल्या माणसाला परत बोलवा म्हणावं."

तारवालीने फोन जोडून दिला, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बाईंचं बोलणं होईपर्यंत बाहेर पायरीवर जाऊन बसली.