कडेची बाई

आमच्या मास्तरांना छंद लागला तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. या वयात माणसाला बिडी लागते, पत्ते लागतात, फार झालं तर राजकारण लागतं. त्यातलं काही लागलं असतं तर मी चार बायकांत बसून रडून मोकळी झाले असते. यांना लागली फोटोग्राफी. तिच्या नावानं रडायचं कसं, हे बोरी अरबातल्या एकाही बाईला ठाऊक नव्हतं.

मास्तर म्हणजे माझे घरधनी, भीमराज. बोरीच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायचे. नागपूरच्या एका मित्रानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना यांच्या गळ्यात मारला. काळा पत्र्याचा डबा, पुढं एक भोक, वर नखाएवढी काच. डबा पोटाशी धरायचा, खाली मान घालून त्या काचेत बघायचं आणि बाजूचा खटका दाबायचा. एवढ्याशा उद्योगाला हे ‘साधना’ म्हणू लागले. छप्पन साली आम्ही धम्म घेतला तेव्हापासून घरातला देवाचा कोनाडा रिकामा होता. तिथं आता कॅमेरा बसला, आणि त्याला हात लावायची मला बंदी झाली. माझ्या सासूबाई, मथुराबाई, त्या कोनाड्याकडं बघून म्हणाल्या की देव घालवले ते काय या डबड्यासाठी.

पहिला रोल त्यांनी एका दिवसात संपवला. काय निघालंय ते बघायची घाई इतकी, की भर दुपारी अंगणात डब्याचं झाकण उघडलं, फिल्म ओढून काढली आणि उन्हात धरून बघितली. काही दिसेना. रोलच खराब होता असा निकाल त्यांनी दिला. दुसऱ्या रोलाच्या वेळी एक फोटो झाल्यावर चावी फिरवून फिल्म पुढं सरकवायची असते, हे विसरले. त्यामुळं सासूबाई आणि शेजारची शेळी एकाच कागदावर आल्या, सासूबाई शेळीच्या पोटात मांडी घालून बसलेल्या. त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही.

मग त्यांनी कुणाकडून तरी एक पुस्तक आणलं. त्यातलं एकच वाक्य त्यांच्या मनात भरलं: सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा. वैशाखातला सूर्य यांच्या पाठीशी, म्हणजे आमच्या डोळ्यांत. त्या उन्हाळ्यातल्या आमच्या घरच्या सगळ्या फोटोंत आम्ही कच्ची निंबोळी चावल्यासारखे दिसतो. ‘नैसर्गिक भाव’ येत नाहीत म्हणून हे आमच्यावरच चिडायचे.

त्यातच नागपूरच्या एका मासिकानं फोटोंची स्पर्धा जाहीर केली. विषय होता ‘नव्या महाराष्ट्रातील सुखी कुटुंब’. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, सुखी कुटुंबं शोधायला हरकत नव्हती. मी आपली नवं लुगडं नेसून बसले. यांनी मला डब्यातून निरखून बघितलं आणि म्हणाले की तुझा चेहरा विषयाला धरून नाही. बारा वर्षं यांच्याशी संसार केलेल्या बाईचा चेहरा आणखी कसा असायचा?

हे बोलणं चाललं होतं तेव्हा लालीबाई अंगणात सरपणाची मोळी टाकत होती. लालीबाई जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली, नवरा मागेच वारलेला, आठवड्याला आमच्याकडं मोळी घेऊन यायची. मास्तरांना सुखी कुटुंब पाहिजे आहे हे ऐकून ती ओट्याच्या पायरीवर टेकली. तिची एकुलती लेक, जमनी, महागावकडच्या एका तांड्यात दिली होती. सासरा डोंगरसिंग तिथला नाईक, म्हणजे तांड्याचा मुखिया, खटल्याचं घर, सुना, आरशांचे कपडे. फोटोला यापेक्षा काय चांगलं मिळणार, असं ती म्हणाली. मग खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि जमनीला त्यांनी दिवाळीलासुद्धा माहेरी धाडलं नव्हतं. लालीबाईचा मुलगा खेमसिंग दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा डोंगरसिंगनं त्याला तांड्याबाहेर लिंबाखाली बसवलं, पोटभर जेवू घातलं, जमनी शेतात गेली आहे, मजेत आहे, असं सांगितलं आणि वाटेला लावलं. बोलावल्याशिवाय आईनं लेकीच्या सासरी जायचं नाही, अशी त्यांची रीत.

“मास्तर, माह्या छोरीचा एक फोटू काढून आना,” लालीबाई म्हणाली. “तोंड दिसलं की मले समजते, सुखात हाय का नाही.”

आमच्या कलावंताला तेवढंच निमित्त पाहिजे होतं. सुटीत मोटारीनं महागाव गाठलं, तिथून बैलगाडीनं तांडा. परत आले ते विजयी वीरासारखे. दोन दिवस मला दुसरं काही ऐकू आलं नाही. डोंगरसिंगनं म्हणे स्वतः खुर्ची मागवली, लाल पगडी बांधली आणि मधोमध बसला. मागं त्याचे मुलगे, बाजूला सुना. सूर्य बरोबर पाठीशी. आता खटका दाबणार, तेवढ्यात सगळ्या सुनांनी छातीपर्यंत घुंगट ओढले.

कुणाही शहाण्या माणसाला हे आधीच कळलं असतं. सासरा समोर बसलेला असताना तांड्यातली सून तोंड उघडं टाकेल का? पण हे तिसरीच्या वर्गाला शिकवणारे. यांनी हुकूम सोडला, घुंगट वर करा. एकीनंही केला नाही. मग यांनी डोंगरसिंगलाच जरा बाजूला व्हायला सांगितलं. त्यानं विचारलं की ज्याच्या दारात फोटो निघतो त्यानंच उठायचं, ही कुठली शाळा. शेवटी यांनी तसाच खटका दाबला. यातली जमनी कोणती, एवढं मात्र आठवणीनं विचारलं. डोंगरसिंगनं काठीनं मधली दाखवली. सगळ्यांत जास्त आरसे तिच्याच अंगावर होते. लालीबाईची लेक राणीसारखी आहे, हे यांनी तिथंच ठरवून टाकलं.

महिन्याभरानं यवतमाळच्या स्टुडिओतून फोटो आले. बाकीचे सांगण्यासारखे नव्हते. एकात विहिरीच्या चाकाची सावली, एकात यांचाच अंगठा. पण तांड्याचा फोटो चांगला आला होता, नाही म्हणू नये. पगडीच्या घड्यासुद्धा मोजाव्यात इतका स्वच्छ. त्याच्या दोन प्रती काढल्या होत्या, एक स्पर्धेला आणि एक लालीबाईला.

फक्त उजव्या कडेला, जरा मागं, एक बाई आली होती. जुनेरं नेसलेली, डोक्यावर दोन घागरी, दोन्ही हात घागरींना, आणि कॅमेऱ्याकडं पाठ. नखाएवढ्या काचेत ती यांना दिसलीच नव्हती. आता दिसली तेव्हा यांचा जीव कासावीस झाला. ही कुठली मजूरबाई मध्येच कडमडली, हिच्यामुळं सगळी रचना बिघडली, असं दिवसभर चाललं होतं. शेवटी माझी कात्री घेतली, जिला कागद लावायचा नाही असं मी शंभरदा सांगितलं होतं, आणि ओट्यावर बसून दोन्ही प्रतींची उजवी कड कापून टाकली. कुटुंब तेवढं राहिलं. बाई ओट्यावरून खाली पडली.

नेमकी तेव्हाच लालीबाई मोळी घेऊन आली. यांनी फोटो तिच्या हातात दिला आणि मधली तुझी जमनी, असं कौतुकानं सांगितलं. लालीबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. तोंड कुठं आहे, तिनं विचारलं. यांनी घुंगटाची अडचण समजावून सांगितली आणि वर, कपड्यांवरून सुख दिसतंच आहे, असंही म्हणाले. ती कितीतरी वेळ बघत राहिली. तिचं मोळी वाहून घामेजलेलं तोंड हळूहळू उतरत गेलं ते मी दारातून बघत होते.

“हा फेटिया माह्या छोरीचा हाय,” ती घागऱ्यावर बोट ठेवून म्हणाली. “म्या शिवला. आरसे म्या लावले. पन याच्या अंदर जमनी नाही.”

मास्तर दुखावले. डोंगरसिंगनं स्वतः दाखवली, तो नाईक माणूस, खोटं कशाला बोलेल, असं म्हणू लागले. लालीबाईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“जमनी लांब हाय, बापावानी उंच. तिच्या मापाचा फेटिया घोट्याच्या वर राह्यते. हा तर भुईवर लोळून राह्यला. हे कोनी ठेंगणी बाई हाय.” मग तिनं यांच्याकडं वर बघितलं. “मंग माही छोरी कुठं हाय, मास्तर?”

मी खाली वाकले आणि ओट्याखाली पडलेली एक पट्टी उचलून लालीबाईच्या हातात ठेवली. दोन बोटांएवढी पट्टी. तीत ती घागरीवाली, उंच, पाठमोरी. हात भरलेले, घुंगट ओढता येईना, म्हणून सासऱ्याकडं पाठ करून उभी राहिलेली. मजूरबाईनं नाईकाला एवढी लाज कशाला धरायची, हे तिसरीच्या पोरानंही विचारलं असतं.

लालीबाईनं त्या पाठीवर बोट ठेवलं आणि हीच जमनी, असं म्हणाली. नुसती पाठ बघून कसं ओळखलं, मी विचारलं.

“जलमल्यापासून हे पाठ म्या धुतली, बाई,” ती म्हणाली.

ती रडली नाही. मला मात्र रडू आलं, आणि असा राग आला की डोंगरसिंग समोर असता तर त्याची पगडी चुलीत घातली असती. तो लांब होता. जवळ कात्री घेऊन बसलेले हे होते. थोडा राग त्यांच्या वाट्याला गेला आणि तो त्यांनी मुकाट्यानं घेतला. लालीबाईनं चांगला फोटो ओट्यावर ठेवला, पट्टी पदराच्या गाठीत बांधली आणि मोळीचे पैसेही न घेता गेली.

पुढचं आम्हाला खेमसिंगकडून कळलं. या वेळी तो एकटा गेला नाही, आपल्या तांड्याचा नाईक आणि चार जाणती माणसं घेऊन गेला. तिकडं पंचांची बैठक बसली, तिला ते नसाब म्हणतात. डोंगरसिंग आधी साफ नाही म्हणाला. मग पट्टी हातोहात फिरली आणि जमनीला बोलावणं भाग पडलं. तिला मूल झालं नाही म्हणून डोंगरसिंगच्या मुलानं, देवीलालनं, दुसरी बाई आणली होती. आणली ती आणली, जमनीचे लग्नातले कपडे तिच्या अंगावर चढवले आणि जमनीला पाण्याला, शेणाला, शेताला लावलं. माहेरी धाडलं असतं तर हे सगळं उघडं पडलं असतं, म्हणून धाडलं नाही. खेमसिंगनं बहिणीला गाडीत बसवून आणलं. पंचांनी तो फेटियाही परत द्यायला लावला. जमनीनं तो तिथंच टाकला.

आणि स्पर्धेचं काय झालं म्हणाल, तर मास्तरांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. फोटो पाठवू नका असं मी म्हटलं होतं, पण पाकीट त्याच दिवशी टपालात पडलं होतं असं ते म्हणतात. मासिकात अर्धं पान भरून डोंगरसिंग छापून आला, खाली ‘समाधानाची सावली’ असं नाव. परीक्षकांनी रचनेची तारीफ केली होती, कडा कशा आटोपशीर आहेत म्हणून. यांनी तो अंक कुणाला दाखवला नाही. पेटीत, धोतराखाली घालून ठेवला. एवढी लाज यांना आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि बरं वाटलं.

दिवाळीच्या आधी लालीबाईसोबत जमनी आमच्याकडं आली. खरंच लांब होती, दारातून वाकून आली. अंगावर आईचं जुनं लुगडं, हातांना घट्टे. सासूबाईंना तिला काय देऊ नि काय नको असं झालं, आणि त्या नादात त्यांनी पेटी उघडून तो अंकच तिच्यासमोर आणून ठेवला. मास्तरांनी मान खाली घातली. डब्यातून बघताना घालतात तशी नाही, निराळी.

जमनीनं पान नीट बघितलं. सासरा, नवरा, जावा, मधली ती. मग उजव्या कडेवरून बोट फिरवलं.

“मी इथंच होती ना?”

मास्तर म्हणाले, “होती. म्याच कापली.”

ती रागावली नाही. रागावली असती तर यांना सोपं गेलं असतं.

“रोज त्या वक्ताले मी शेतात राह्यत होती,” ती म्हणाली. “त्या दिवशी सासूनं शेतातून बलावलं. गावातून मास्तर आले, चहाले पानी आन म्हने. तेच पानी होतं ते.” अंक मिटून तिनं तो त्यांच्याकडं सरकवला. “चहा चांगला झालता काय?”

मास्तर उठले, माझी घागर उचलली आणि विहिरीकडं गेले. पाण्याला जाणारा मास्तर बघून गावातल्या बायका हसल्या असतील. मी चूल पेटवली आणि जमनीला आत, चुलीजवळ बसायला पाट दिला.