फाटकाच्या आत

"फाटकाच्या आत मी कोण?"

"मावशी."

"आन् बाहेर?"

"आई." स्नेहाने थांबून नाक फुगवलं. "किती येळा इचारती गं? येतंय मला."

येत होतंच. अख्खा मे महिना हा खेळ चालला होता. घराचा उंबरा म्हणजे शाळेचं फाटक. उंबऱ्याच्या आत आलं की मावशी, बाहेर पडलं की आई. तिचा बाप कपिल केबलच्या तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून घरात शिरायचा आणि विचारायचा, "आन् मी कोण मग?" त्यावर स्नेहा त्याला बजावायची, "तुमी शाळेत न्हाई. तुमी बोलू नका."

जुन्नरच्या टोकाला सिस्टर लोकांच्या शाळेत रत्ना आया होती. लहान वर्गाची आया. शाळेतलं प्रत्येक पोर, त्या पोराची आई, दूधवाला आणि पोस्टमनसुद्धा तिला मावशी म्हणायचे. आता तिचीच मुलगी नर्सरीत बसणार होती. मुख्याध्यापिका सिस्टर ऑगस्टा यांनी होकार दिला होता, पण अट घालून. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या आया बयाबाईंच्या मुलाला असंच घेतलं होतं. तो आठवडाभर आईच्या पदराला लोंबकळून राहिला, त्याचं बघून बाकीचे रडले आणि शेवटी त्याला नगरपालिकेच्या शाळेत घालावं लागलं. बयाबाईंना अजून तो विषय काढलेला चालत नसे.

"शाळेत तुम्ही सगळ्यांच्या, रत्नामावशी," सिस्टर ऑगस्टा म्हणाल्या होत्या. त्या आवाज कधीच चढवत नसत. "पहिला आठवडा बघू. शुक्रवारी मी वर्गात येईन. जमलं तर ती आमची."

ते 'जमलं तर' रत्नाच्या डोक्यात महिनाभर नाण्यासारखं खुळखुळत होतं.

आज शाळेचा पहिला दिवस, सोमवार. फाटक आलं. वॉचमन गेणभाऊंनी कडी काढली. "आली का नवी मेमसाब?" ते म्हणाले. स्नेहाने खाली बघितलं, लोखंडी पट्टी कुठे संपते ते नीट पाहिलं आणि ती ओलांडताना आईचं बोट सोडून दिलं. मग मागे न बघता धावत सुटली. पाठीवरचं दप्तर तिच्या कमरेखाली आपटत होतं. रत्नाचं बोट थोडा वेळ तसंच वाकलेलं राहिलं.

वर्गात नुसता हलकल्लोळ होता. कुणी खिडकीचे गज धरून, कुणी बापाच्या पँटचा खिसा धरून रडत होतं. एक गुटगुटीत पोर कुणी रडायचं थांबलं की नव्याने सुरुवात करून देत होतं. वसईहून आलेल्या सिस्टर फिलोमिना या गोंधळात माशासारख्या पोहत होत्या. एकाला उचल, दुसरीचा बूट काढ, तिसऱ्याला खडू दे. रत्नाच्या अंगात दरवर्षी या दिवशी वारं भरायचं. हा दिवस तिला दिवाळीपेक्षा आवडायचा. आज तर तिला पाय जमिनीला लागतायत की नाही हेच कळत नव्हतं.

पिंपरी पेंढारच्या एक आजी नातीला घेऊन जीपमधून उतरल्या. धोंडाबाई त्यांचं नाव; ठसठशीत कुंकू, हातात नातीची पाण्याची बाटली.

"तुमीच का ती मावशी? कुठल्या तुमी?"

"माहेर निमगाव सावा. भालेराव."

"असं," धोंडाबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून बाटलीचा पट्टा नातीच्या गळ्यात घातला आणि तो दोनदा ओढून बघितला. "तेजू, पानी आपलंच प्यायचं बरं का. हितलं न्हाई."

रत्नाने हे वाक्य ओळखलं. असल्या वाक्यांसाठी तिच्याकडे एक ठरलेला चेहरा होता, तो तिने लावला. तेजस्विनीचं दप्तर खिळ्याला अडकवलं आणि तिच्या फ्रॉकला नाक पुसायचा रुमाल पिनने टाचला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून खणखणीत आवाज आला. "मावशी! मला शूला जायचंय!"

स्नेहा करंगळी वर करून उभी होती. सिस्टर फिलोमिनांनी भुवया उंचावून रत्नाकडे पाहिलं. रत्ना तिला घेऊन गेली, आणली, बसवली, जसं कुणालाही बसवलं असतं. फक्त व्हरांड्याच्या वळणावर, कुणी नाही असं बघून, ती एकटीच हसली.

त्या आठवड्यात पोरं किती काय शिकली! पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत चालायला शिकली. डबा उघडण्याआधी डोळे मिटून आभार मानायला शिकली. मिटलेल्या डोळ्यांतला एक डोळा मात्र डब्यावरच असायचा. सिस्टर फिलोमिनांनी क्रुसाची खूण करून दाखवली आणि सांगितलं, "ज्यांच्या घरी करतात त्यांनी ही करा, बाकीच्यांनी हात जोडा." पण कपाळ, छाती, खांदा, खांदा, हे सगळ्यांनाच इतकं आवडलं की हात जोडायला कुणी तयार होईना. खांदे मात्र उलटसुलट व्हायचे. प्रार्थनागृहात नेलं तेव्हा दाराशी बूट काढून, ओठांवर बोट ठेवून सगळी आत गेली. तिथे लाल काचेत एक बारीक दिवा जळत होता. "हा कधीच विझत नाही," सिस्टर कुजबुजल्या. "लाइट गेली तरी?" एकाने विचारलं. "लाइट गेली तरी." हे मात्र सगळ्यांना फारच मोठं वाटलं, कारण जुन्नरमध्ये लाइट रोज जायची.

बुधवारी देवदूताचा धडा झाला.

"प्रत्येक मुलाचा एक राखणदार देवदूत असतो," सिस्टर फिलोमिना म्हणाल्या. "दिवसभर तुमच्याबरोबर असतो. बोलत नाही, पण त्याचं लक्ष असतं. तुम्ही पडलात तर आधी त्याला कळतं. मग इतका वेळ तो बिचारा बसणार कुठे? त्याला जागा नको का ठेवायला?"

वर्ग एका दमात सरकला. प्रत्येक बाकाच्या टोकाचं पोर धपकन खाली पडलं.

"सिस्टर, माझा लई जाडा हाय!"

"सिस्टर, त्याला डबा आसतो का?"

"सिस्टर, हा माझ्या देवदूतावर बसला!"

हसून हसून सिस्टरांना फळ्याला टेकावं लागलं. तेजस्विनीने आपल्या शेजारच्या जागेवर पाण्याची बाटली उभी करून ठेवली, म्हणजे कुणी ती बळकावणार नाही. स्नेहा मात्र बराच वेळ विचारात होती. तिने एकदा शेजारी पाहिलं, एकदा वर छताकडे पाहिलं, आणि होती तिथेच बसून राहिली.

घरी आल्यावर तिने हे सगळं आज्याला सांगितलं. चांगदेव बाजेवर पाय पसरून बसला होता. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा तो मिसरूडही न फुटलेला पोरगा होता; पण ती काल घेतल्यासारखा बोलायचा.

"देवदूत? आपल्यात नसतं तसलं काय, बाळा. आपली राखण आपनच करायची."

"मग तुमच्या शेजारी कोन बसतं, आजा?"

"कुनी न्हाई. म्हनून तर पाय पसरता येत्यात."

स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता रत्नाला हसू आलं. चांगदेवाने आवाज वाढवला. "ए रत्ना, ही गुडघं टेकायला लागली तर मला सांग बरं. आन् पंचशील? ते इचारलं का कुनी?"

"म्हनून दाखवलं की तिनं काल, मामा. अख्खं. सिस्टर म्हनल्या, आमच्या पोरांना प्रार्थना येवडी पाठ न्हाई."

"असं म्हनल्या?"

"व्हय."

चांगदेव पाय आखडून घेत म्हणाला, "लई हुशार हाय म्हना ती बाई." थोड्या वेळाने रत्ना चहा घेऊन गेली तेव्हा तो बाजेच्या एका कडेला अंग चोरून बसला होता. "हे काय, मामा?" "उगं," तो म्हणाला. "पोरगी मघाधरनं माझ्याकडं बघतीय."

गुरुवारी डब्याच्या सुट्टीत तेजस्विनीने कुणाच्या तरी डब्यातला ठेच्याचा गोळा लाडू समजून बोटभर तोंडात घातला. मग जो आकांत झाला तो सिस्टर ऑगस्टांच्या ऑफिसपर्यंत ऐकू गेला. तिची बाटली रिकामी होती. पोर लालबुंद, नाकाडोळ्यांतून धार. रत्नाला सोमवारचं वाक्य आठवलं, पण विचार करायला वेळ नव्हता. तिने शाळेच्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि पेला पोरीच्या ओठाला लावला. तेजस्विनी घटाघट प्यायली, उचक्या देत रत्नाच्या मांडीत शिरली आणि तिच्या पोटात तोंड खुपसून म्हणाली, "आई, अजून."

पहिल्या बाकावरून स्नेहाने मान वळवली.

"आई न्हाई म्हनायचं," ती ठामपणे म्हणाली. "मावशी म्हनायचं."

"मावशी," तेजस्विनी म्हणाली.

रत्ना दुसरा पेला भरायला उठली. पेला भरून पाणी मनगटावरून ओघळलं तेव्हा ती भानावर आली. महिनाभर आपण जे घोटून घेतलं ते पोरगी किती चोख शिकली, याचा तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. फक्त जरा उशिरा.

संध्याकाळी फाटकाबाहेर आल्यावर स्नेहाने बोट धरलं. गावाकडच्या वळणापर्यंत ती ते घट्ट धरून चालली.

शुक्रवारी वर्ग नटून बसला होता. सिस्टर ऑगस्टा आल्या तेव्हा पोरं एका सुरात 'गुड मॉर्निंग, सिस्टर' म्हणाली. इतकी लांबवून की शेवटच्या दोघांचं संपेपर्यंत त्या खुर्चीत बसल्याही होत्या. रत्ना दारात उभी होती, हातात फरशी पुसायचं फडकं, पायाशी बादली. वर्ग चालू असताना आया बसत नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण बसायला काही ठेवलेलंही नव्हतं.

गाणं झालं. प्रार्थना झाली. खांदे आज बरेचसे बरोबर होते. मग सिस्टर फिलोमिना कौतुकाने म्हणाल्या, "आणि बघा, कसे बसलेत."

खरंच, प्रत्येक पोराने शेजारी थोडी जागा सोडली होती. सिस्टर ऑगस्टा बाकांमधून हळूहळू चालत आल्या आणि पहिल्या बाकापाशी थांबल्या. स्नेहा शेजारच्या मुलीला खेटून बसली होती. मध्ये पट्टीसुद्धा गेली नसती.

"तुझ्या देवदूताला जागा नाही ठेवलीस?"

स्नेहा उठून उभी राहिली. "माझा बसत न्हाई, सिस्टर."

"मग काय करतो?"

"उभा ऱ्हातो."

"कुठे?"

स्नेहाने मागे पाहिलं नाही. नुसता हात मागे केला. "दारात."

सगळा वर्ग वळून दाराकडे बघू लागला. रत्नाच्या हातातलं फडकं ठिबकत होतं. तिने बादलीतल्या पाण्याकडे नजर लावली.

"आणि बसत का नाही?" सिस्टर ऑगस्टांनी विचारलं.

"शाळा सुटंपतूर त्याला बसायचं नसतं."

आता संपलं, रत्नाच्या मनात आलं. पण काय संपलं तेही तिला धड सांगता आलं नसतं. पोरगी आई म्हणाली नव्हती. रडली नव्हती, धावत आली नव्हती, तिने नजरसुद्धा वळवली नव्हती. नियमाला कुठेच धक्का लागला नव्हता. सिस्टर फिलोमिना एकदम फळा पुसायला वळल्या. फळा कोरा होता.

"मावशी, शू," तेजस्विनी म्हणाली आणि करंगळी वर करून येऊन रत्नाच्या हाताला धरून उभी राहिली.

सिस्टर ऑगस्टा जायला निघाल्या. दारात रत्ना बादली उचलून बाजूला झाली. त्या थांबल्या.

"सोमवारी शाळेचे बिल्ले येतील. स्नेहाला फ्रॉकवर पिन लावून पाठवायला सांगा."

"कुनाला सांगू, सिस्टर?"

सिस्टर ऑगस्टांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तिच्या घरी," त्या म्हणाल्या.

"सांगते, सिस्टर."

शाळा सुटली. धोंडाबाई नातीला न्यायला आल्या तेव्हा तेजस्विनीने जीपमध्ये चढता चढता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मावशीचं पाणी लई गार असतं. धोंडाबाईंनी क्षणभर रत्नाकडे पाहिलं, मग नातीच्या गळ्यातली बाटली काढून आपल्या पिशवीत टाकली. जीप गेली.

रत्नाने वर्ग झाडला. खडूचे तुकडे वेचले, एक एकटा मोजा खिळ्याला अडकवला, खिडक्या लावल्या. मग पहिल्या बाकापाशी ती जराशी थांबली आणि हळूच बसली. बाक इतका बुटका होता की गुडघे छातीशी आले. बसल्यावर, का कोण जाणे, ती थोडी बाजूला सरकली.

मागे वळून पाहिलं तर दारात स्नेहा उभी होती. गेणभाऊंपाशी थांब म्हणून सांगितलेलं असताना आली होती. पाठीवर दप्तर, मोजे घसरलेले. ती आत आली नाही आणि खालीही बसली नाही. ओठांवर बोट ठेवून, आईचं बसून होईपर्यंत, ती दारातच उभी राहिली.