स्वतःचा नंबर

टॉप्सची दांडी भोकात शिरली, जराशी अडली, आणि जुन्या फोनच्या कडेतून सिमचा इवलासा ट्रे बाहेर आला. मीनाक्षीने श्वास सोडला. नखाएवढं कार्ड. बावीस वर्षं हाच नंबर. याच्यावर बँकेचे ओटीपी, याच्यावर गुरुपौर्णिमेला शाळेतल्या पोरींचे फोन – त्या पोरींचीही पोरं आता कॉलेजात – आणि नागपूर सोडलं त्या दिवशी विमानतळावर शेजारणीचा आलेला फोन, दशम्यांचा डबा ओट्यावरच राहिला म्हणून... तिने कार्ड रुमालाच्या टोकाला बांधलं, गाठ चाचपली, टॉप्स पुन्हा कानात घातलं. छाती धडधडत होती. अडुसष्टाव्या वर्षी फोन घ्यायला निघालेली बाई, आणि धडधड चोरी करायला निघाल्यासारखी! पण ती धडधड गोड होती, हे तिने स्वतःशी कबूल केलं.

तसा फोन होता की तिच्याकडे. अमेरिकेत एडिसनला आली त्याच आठवड्यात ऋषीने, तिच्या मुलाने, दुकानातला सगळ्यात भारी फोन आणून हातात ठेवला होता. नाकापेक्षा मोती जड. मग नागपूरचं सिम घालायला ऋषी, सून रुचा आणि नात अनिका अशा तिघांनी तो उलटापालटा केला, टॉर्च लावून चारी कडा तपासल्या, भोकच सापडेना. इथे विकल्या जाणाऱ्या त्या मॉडेलला सिमची जागाच नसते, हे घरातल्या दोन सॉफ्टवेअर इंजिनियरांना पैसे मोजून झाल्यावर कळलं. "इट्स ऑल ई-सिम, आजी," असं म्हणून अनिका हसत सुटली होती. तेव्हापासून नागपूरचा नंबर जुन्या फोनात, जुना फोन खणात, आणि त्याची बॅटरी देवाच्या भरवशावर. खणात कोणी फोन केला असेल, केला नसेल... बाई अमेरिकेला गेल्या आणि विसरल्या, असंच त्या पोरींना वाटत असेल.

तेवढंच असतं तर तिने चालवून घेतलं असतं. पण त्या भारी फोनात, फॅमिली प्लॅनबरोबर, एक ठिपका होता. नकाशावरचा निळा ठिपका, खाली लिहिलेलं – आई. मार्चमध्ये ती लायब्ररीबाहेरच्या बाकावर उन्हात बसली होती, नुसती, कशाचाच विचार न करता, आणि फोन वाजला: "आई, अर्ध्या तासापासून तू एकाच जागी आहेस. ऑल ओके?" काळजीच ती, काळजीला नावं कशी ठेवायची? ती "हो रे" म्हणाली आणि उठून चालू लागली, ठिपका हलावा म्हणून. ते चालणं तिला अजून आठवे आणि अजून राग येई – त्याचा नाही, स्वतःचा.

म्हणून आज तो भारी फोन ओट्यावर चार्जिंगला लावून ती निघाली. ठिपका घरी, आई बाहेर. ओक ट्री रोडपर्यंत पंधरा मिनिटं. साड्यांची दुकानं, मिठायांचा वास, कोणाच्या तरी गाडीत मोठ्याने लागलेलं गाणं – वाट रोजचीच होती, पण आज मी कुठे आहे हे फक्त मला ठाऊक आहे, असं मनात आलं आणि तिची पावलं आपोआप भरभर पडू लागली.

फोनच्या दुकानात काउंटरमागे चाळिशीची बाई होती. छातीवर नावाची पट्टी – नंदा. मीनाक्षीचं इंग्रजी दोन वाक्यं ऐकून ती म्हणाली, "मावशी, मराठीत बोला ना. मी डोंबिवलीची."

मीनाक्षीने पर्समधून वही काढली. गणित शिकवण्यात तिचा जन्म गेला होता. महिनाभर रोज काय काय वापरलं ते तिने मांडून ठेवलं होतं. नंदाने वही वाचली, भुवया उंचावल्या.

"बाहेर फक्त बसचा मॅप आणि व्हॉट्सॲप? मग अनलिमिटेड नका घेऊ, वेस्ट आहे. घरी वायफाय आहेच. हा छोटा प्रीपेड घ्या, इंडिया कॉलिंग इन्क्लुडेड आहे यात."

"आणि फोन मला भोकवाला हवा."

नंदाला क्षणात कळलं. अशी गिऱ्हाइकं तिला रोज भेटत असणार. तिने एक साधा, जाडसर फोन पुढे ठेवला. "इंडियाचं सिम यात टाका, आमची लाइन मी ई-सिमवर ॲक्टिव्हेट करते. दोन्ही नंबर एकाच फोनवर. अकाउंट होल्डर कोण, मावशी? मुलाचं नाव टाकू?"

नागपूरच्या घरचा फोन सासऱ्यांच्या नावावर होता. ते गेल्यावर नवऱ्याच्या. मोबाइल नवऱ्यानेच आणलेला, त्याच्याच नावावर, तो गेल्यावर ऋषीने अर्ज करून आपल्या नावावर घेतला. आणि इथे ती ऋषीच्या प्लॅनमधली चौथी लाइन... आयुष्यभर फोन तिने उचलले, नाव दुसऱ्याचं.

"मीच," ती म्हणाली. आवाज जरा मोठा निघाला. "मीनाक्षी पांढरीपांडे."

"बापरे, स्पेलिंग तुम्हीच टाका," नंदाने कीबोर्ड तिच्याकडे वळवला. मीनाक्षीने एकेक अक्षर दाबलं, आडनाव चौकटीत मावलं, आणि तिला इतका आनंद झाला की तिने उगाच पर्सची चेन दोनदा उघडून लावली. मग रुमालाची गाठ सोडून कार्ड काढलं. नंदा पिन शोधत होती, तोवर हिने टॉप्स काढून ट्रे उघडलासुद्धा.

"जुना फोन आणलाय ना? कॉन्टॅक्ट्स ट्रान्सफर करून देते."

"तो घरी आहे."

"असू दे, नंतर करा."

बाहेर येऊन तिने नवा फोन हातात धरला. ऋषीलाच करावा पहिला फोन. सांगावं त्याला – बघ, मी काय केलं... आणि बोट आकड्यांवरच थांबलं. ऋषीचा नंबर तिला येत नव्हता. एकही आकडा नाही. त्याच्या नावावर बोट ठेवलं की तो बोलायचा, एवढंच तिला येत होतं.

ऋषी चार वर्षांचा असताना तिने घरचा सहा आकडी नंबर त्याच्याकडून चालीत पाठ करून घेतला होता. हरवलास तर हे म्हणून दाखव. आणि सीताबर्डीच्या गर्दीत हात सुटला तेव्हा त्याने पोलिसापुढे उभं राहून, हात मागे बांधून, तो म्हणून दाखवला होता. ती धावत पोचली तर पठ्ठ्या रडत नव्हता. नंबर येत होता ना त्याला.

ती रस्त्यात उभी राहून हसली. तो रागावेल. कदाचित त्याला लागेलही, आपलं प्रेम आईला काचलं म्हणून. ठिपका पुन्हा लाव म्हणेल, आणि आपण नाही म्हणू शकू का, हे तिला आत्ता तरी ठाऊक नव्हतं. पण नंबर त्याला सेव्ह करू द्यायचा नाही. आधी पाठ म्हण, म्हणायचं. मग तुझा सांग, मी म्हणते.

सात-तीन-दोन... तिने त्याच जुन्या चालीत नवा नंबर बसवून पाहिला. सहा आकडे नीट बसले, पुढचे चार चालीबाहेर लोंबत राहिले. घराचं वळण आलं. तिने वळणाकडे पाहिलं, सिग्नलवर चालायची खूण म्हणून उजळलेल्या पांढऱ्या माणसाच्या चित्राकडे पाहिलं, आणि सरळ पुढे निघाली – सात-तीन-दोन, पुन्हा पहिल्यापासून, या खेपेला थोडं मोठ्याने.