बोलता फलक

अपेक्षाने जुन्या फलकाच्या पाठीवरची शेवटची वायर सोडवली आणि लाल आकडे विझले. दवाखान्यातल्या बाकांवरची माणसं चुळबुळली. स्टुलावर बसलेल्या देवाजींनी मानही वळवली नाही.

"सत्तावीस! आर्वीवाले, उठा गा बुवा. आधी काठी घ्या, मंग पाय टाका."

धंतोलीतल्या या हाडांच्या दवाखान्यात फलक असो नसो, नंबर देवाजीच पुकारत. फलकातली चिप आता कुठे बनत नव्हती. नवा मायक्रोकंट्रोलर बसवून सगळा प्रोग्राम त्याच्यावर नेण्याचं काम अपेक्षाच्या कंपनीकडे आलं होतं आणि कंपनीने ते तिच्या एकटीवर सोपवलं होतं. मूळ प्रोग्राम लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. कोणत्या वायरीने आकड्याची कोणती रेघ पेटते, हे तिने तीन आठवडे इथेच बसून, एकेक तपासून वहीत उतरवलं होतं.

सांगलीहून नागपुरात येऊन तिला पाच महिने झाले होते. खोलीवर एखादा रविवार असा जाई की दिवसभरात तिच्या तोंडून शब्द निघत नसे. इथे मात्र दीडच्या सुट्टीत देवाजी स्टूल तिच्या टेबलाजवळ ओढत. "आज काय आणलं वं?" असं विचारत आणि उत्तर काहीही आलं तरी अर्धी भाकर तिच्या डब्यात टाकत.

नव्या चिपमध्ये मेमरी भरपूर होती. ते कळल्यावर दवाखान्याच्या मॅनेजर वंदना मॅडम म्हणाल्या होत्या, "मग फलक बोलता करा की." आवाज देवाजींचाच घ्यायचा ठरला. एक्स-रेच्या खोलीच्या भिंती जाड, बाहेरचा गलका तिथे पोचत नाही. दोन दिवस जेवण उरकून देवाजी तिथे तिच्या फोनसमोर उभे राहिले आणि मधूनमधून कोमट पाणी पीत आकडे म्हणत गेले.

"एकोणसाठ बरा नाही आला. पुन्हा घे वं. बाहेरगावची माणसं असतात, त्याईले समजलं पाहिजे."

त्या रेकॉर्डिंगचे तिने तुकडे केले होते, एका आकड्याचा एक. शेवटचा तुकडा कापायचा उरला होता, तेव्हा वंदना मॅडम फाइल मिटता मिटता म्हणाल्या, "हे वेळेत झालं ते बरं. सोमवारपासून स्टुलावर कोणी नसलं तरी चालेल."

अपेक्षाने लॅपटॉप हळूच बंद केला होता. दुसऱ्या दिवशी तिने अहवालात लिहिलं: 'ध्वनी वगळला. मेमरी अपुरी.' मेमरी निम्म्याहून जास्त रिकामी होती. मोजमापाच्या रकान्यात आजवर तिने जाणूनबुजून खोटं काही लिहिलं नव्हतं. ती ओळ तिने दोनदा वाचली आणि तशीच राहू दिली.

आता फलकात नवी चिप बसली. फलकावर अठ्ठावीस उमटले, ठळक, जराही न थरथरता. देवाजींनी पुकारलं नाही. ते फलकाच्या दिशेने कान करून बसले होते.

"आवाज काहून नाही येऊन राहिला वं?"

"मेमरी पुरली नाही, काका." ती स्क्रूड्रायव्हर पुसत राहिली. "बरंच झालं. तुम्हीच पुकारा. तुमचं स्टूल कुठे जात नाही."

देवाजींनी आधी अठ्ठावीस नंबरच्या बाईंना आत धाडलं.

"मी तं सोमवारी चाल्लो ना," ते म्हणाले. "पोरीकडे, वरुडले. मॅडमले महिन्याआधीच सांगतलं. गुडघे असे बोंबलून राहिले, इथं बसल्या बसल्या मलेच नंबर लावा लागते." ते हसले. मग हसू ओसरलं. "पोरीले म्हटलं होतं, मी आलो तरी आवाज तिथंच राहीन माहा."

अपेक्षाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर फरशीवर पडून बाकाखाली गेला. तिने तो शोधला नाही.

"मला नाही सांगितलंत."

"रोज म्हणो, आज सांगीन." देवाजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मंग तू अशी खुशीत जेवाले बसे. म्हटलं, राहू दे आजच्या दिवस."

तिने लॅपटॉप पुढे ओढला.

"थांबा काका. माझंच मोजण्यात चुकलं होतं."

अहवालातली ती ओळ खोडून तिने रिकाम्या मेमरीचा खरा आकडा लिहिला. मग कापून ठेवलेले अठ्ठ्याण्णव तुकडे चिपमध्ये चढवले. राहिलेला एक तिने हेडफोन लावून ऐकला. 'नव्व्याण्णव!' देवाजींचा आवाज खणखणीत होता. मग थोडी शांतता आणि मग तोच आवाज, खालच्या पट्टीत: 'झालं ना वं पोरी? तू बी थकली असशीन. बस जराशी.'

कर्सर तिने आकड्याच्या लगेच पुढे, कापायच्या जागी आणून ठेवला. या दवाखान्यात दिवसाचा नंबर सत्तरच्या वर कधी गेलाच नव्हता.

"एकोणतीस!" पलीकडे देवाजी पुकारत होते. "काटोलवाल्या बाई, चाला."

तिने तो तुकडा न कापता, तसाच चिपमध्ये चढवला.